कधीच गरोदर राहिलं नाही, तर पुढे तब्येतीला काय फरक पडतो?

सांजवेळ

नमस्कार मंडळी. वय ४४, लग्न केलेलं नाही, मूल नाही, आणि त्याबद्दल तक्रारही नाही. त्यामुळे 'अजून वेळ गेलेली नाही' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

गेले काही महिने पाळीत रक्तस्राव फार व्हायला लागला म्हणून सोनोग्राफी केली. गर्भाशयात दोन फायब्रॉइड (कॅन्सर नसलेल्या गाठी) निघाले, मोठा चार सेंटिमीटरचा. स्क्रीनकडे बघत सोनोग्राफीवाल्या बाई म्हणाल्या, "पिशवी वापरलीच नाही ना तुम्ही, मग असं होतं." मी पोटावर जेल घेऊन आडवी, मूत्राशय तुडुंब भरलेलं. अशा वेळी माणूस काय उत्तर देणार?

घरी आल्यावर शोधाशोध केली तर फायब्रॉइड राहिले बाजूला. मूल न झालेल्या बायकांना स्तनाचा कॅन्सर जास्त, ओव्हरीचा जास्त, गर्भाशयाचा जास्त, हृदयविकारही जास्त! म्हणजे मी अजून चालतीफिरती आहे हेच नवल. यात खरं किती आणि 'वेळेत लग्न करा' मंडळींचं किती? इथे डॉक्टर आहेत, अनुभवी बायका आहेत. नीट सांगा.

मिरचीठेचा

पहिली! त्या बाईंना विचारायचं होतंस, डोकं वापरलं नाही तर त्यात काय वाढतं.

टवाळ_कार्टं

रुमाल टाकतोय. पुरुषांनी इथे बसलेलं चालेल ना?

मिरचीठेचा

बस, पण गप्प.

डॉ_धोपटमार्गी

सांजवेळ, आधी फायब्रॉइडचं बोलू, कॅन्सरचं रात्री ओपीडी आटपली की लिहितो.

मूल न झालेल्या बायकांमध्ये फायब्रॉइड जास्त दिसतात हे खरं आहे. बाळंतपणानंतर फुगलेलं गर्भाशय सहा आठवड्यांत आक्रसून पूर्ववत होतं, त्या मोडतोडीत लहान फायब्रॉइडही विरघळत असावेत, असं एक स्पष्टीकरण आहे. पण गाडी उलटीही धावते. फायब्रॉइड असल्यामुळे काही जणींना दिवस राहत नाहीत, मग त्या 'मूल न झालेल्या' गटात जातात, आणि आपण म्हणतो मूल झालं नाही म्हणून फायब्रॉइड आले. शिवाय माझ्याकडे फायब्रॉइडच्या ज्या बायका येतात त्यातल्या बहुतेकींना दोन-दोन मुलं आहेत. चाळिशीत हा अगदी सर्रास आढळणारा प्रकार आहे. त्याचा कॅन्सर होणं फार दुर्मीळ, आणि पाळी गेली की बहुतेक वेळा ते आपोआप आकसतात.

'पिशवी वापरली नाही' हे निदान कुठल्याही पुस्तकात नाही. रक्तस्राव जास्त आहे तर हिमोग्लोबिन मात्र लगेच तपासा. ते कोणी सांगितलं का?

सांजवेळ

नाही सांगितलं. उद्या करते.

निसर्गमित्र_काका

पटो न पटो, स्पष्ट बोलतो. स्त्रीचं शरीर निसर्गाने ज्या कामासाठी घडवलं ते काम झालं नाही की कुठेतरी बिघाड होणारच. आमच्या आजीला नऊ मुलं, ८८ वर्षं जगली, दवाखान्याची पायरी चढली नाही. आजच्या मुली करिअर करिअर करत पस्तिशीला लग्न करतात आणि मग हे धागे निघतात. राग नसावा.

मिरचीठेचा

काका, नऊपैकी जगली किती ते पण लिहा. आणि आजीच्या बरोबरीच्या किती जणी बाळंतपणात गेल्या तेही. त्या ८८ पर्यंत पोचल्या नाहीत म्हणून त्यांची गोष्ट सांगायला नातू नाही.

टवाळ_कार्टं

(गप्प आहे. फक्त टाळ्या.)

कल्याणी_जर्सी

काकांच्या मुद्द्यात एक मोठी मेख आहे. लवकर झालेलं पहिलं मूल स्तनाच्या कॅन्सरपासून थोडं संरक्षण देतं, हे १९७० च्या सुमारास मॅकमॅहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतल्या बायकांची तुलना करून दाखवलं. त्याच अभ्यासात असंही निघालं की पहिलं मूल पस्तिशीनंतर झालं तर तो फायदा नाहीच, उलट धोका मूल न झालेल्या बाईपेक्षा किंचित जास्तच. म्हणजे ३८ वर्षांच्या बाईला 'कॅन्सर टळेल, होऊ दे एक' असं सांगणारे त्यांच्याच पुराव्याच्या विरुद्ध बोलत असतात.

आणि अजून एक. प्रत्येक बाळंतपणानंतर स्तनाच्या कॅन्सरचा धोका काही वर्षं वाढतो. २०१९ मध्ये पंधरा मोठ्या अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिलं, तेव्हा बाळंतपणानंतर साधारण पाच वर्षांनी तो सर्वांत वर असतो आणि फायदा दिसायला वीसहून जास्त वर्षं जातात असं आढळलं. हे कोणी डोहाळजेवणात सांगत नाही.

अबोली_७१

बापरे! हे माहीतच नव्हतं. मला दोन मुलं, दुसरं ३६ व्या वर्षी. आता मी घाबरू का?

आकडेमोडे

अबोलीताई, सांजवेळ, कोणीच घाबरू नका. 'धोका ३० टक्क्यांनी वाढतो' हे वाक्य सेलच्या पाटीसारखं आहे: कशावर ३० टक्के, ते सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

भारतात ७५ वर्षांपर्यंत जगलेल्या साधारण तीस बायकांत एकीला स्तनाचा कॅन्सर होतो. शहरात जास्त, खेड्यात कमी. म्हणजे शंभरात तीन-साडेतीन. मूल न झाल्याने तो पाव ते तिसऱ्या हिश्श्याने वाढतो असं धरलं, तर शंभरात चार-साडेचार. उरलेल्या पंचाण्णव-शहाण्णव जणींना, मूल असो नसो, तो होत नाही. ओव्हरीच्या कॅन्सरचा मूळ आकडाच शंभरात एकाहून कमी. तो दीडपट केला तरी कुठे जाणार?

ही ढोबळ गणितं आहेत, प्रत्येकीचा आकडा वेगळा. आई किंवा बहिणीला झाला असेल तर हा सगळा हिशोब बाजूला ठेवा आणि डॉक्टरांशी बोला. तिथे जनुकं हा मोठा खेळाडू आहे, मूल हा लिंबूटिंबू.

रानजाई

आकडेमोडे, धन्यवाद. हे असं कोणी समोर बसून सांगत नाही हो.

मडगांवकार

या विषयात आमच्या सिस्टर लोकांचा, म्हणजे चर्चच्या नन्सचा, मोठा इतिहास आहे. माझी मावशी कॉन्व्हेंटमध्ये होती, स्तनाच्या कॅन्सरनेच गेली. तेव्हा मी पुष्कळ वाचलं होतं.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे वैद्य होते. कुठल्या धंद्यात कुठले आजार होतात यावर त्यांनी आख्खं पुस्तक लिहिलं: कुंभार, खाणकामगार, धोबी, सगळे. त्यात त्यांनी नोंदवलं की सिस्टरांमध्ये स्तनाचा कॅन्सर फार दिसतो. पुढे १८४२ मध्ये व्हेरोनाच्या रिगोनी-स्टर्न यांनी गावातल्या जवळपास ऐंशी वर्षांच्या मृत्यूच्या नोंदी काढल्या. सिस्टरांमध्ये स्तनाचा कॅन्सर जास्त, गर्भाशयमुखाचा मात्र फारच कमी. दुसरी गोष्ट का, ते कळायला आणखी सव्वाशे-दीडशे वर्षं गेली. तो विषाणूमुळे होतो, आणि विषाणू लैंगिक संबंधातून येतो.

२०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी लिहिलं की चर्चने सिस्टरांना गर्भनिरोधक गोळ्या उपलब्ध करून द्याव्यात, कारण त्यांनी ओव्हरीचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर कमी होतो. गर्भनिरोधनाला विरोध करणाऱ्या १९६८ च्या पोपच्या पत्रातही उपचारासाठी औषध घ्यायला मनाई नाहीच, हा त्यांचा मुद्दा. आमच्या पॅरिशमध्ये फादरना मी हे सांगितलं. त्यांनी 'चहा घेणार का' विचारलं.

टवाळ_कार्टं

फादर रॉक्स.

डॉ_धोपटमार्गी

मडगांवकार, छान लिहिलंत. आता हे का होतं ते सांगतो, मग 'निसर्गाने घडवलं' हा मुद्दाही आपोआप सुटेल.

ओव्हरीचं आधी. दर महिन्याला अंडं बाहेर पडताना ओव्हरीचा पृष्ठभाग फाटतो आणि पुन्हा भरून येतो. १९७१ मध्ये इजिप्तच्या फतल्ला यांनी मांडलं की ही सततची मोडतोड आणि दुरुस्ती जितकी जास्त, तितकी पेशी बिघडण्याची संधी जास्त. गरोदरपण, अंगावर पाजणं, गर्भनिरोधक गोळी, तिन्हींत अंडं सुटणं थांबतं, आणि तिन्हींनी ओव्हरीचा कॅन्सर कमी होतो. गोळीचा तर फार मोठा पुरावा आहे. २००८ मध्ये ४५ अभ्यास एकत्र केले, तेव्हा पाच वर्षं गोळी घेतली तर धोका साधारण पाचव्या हिश्श्याने कमी, पंधरा वर्षं घेतली तर निम्म्यावर, आणि तो फायदा गोळी बंद केल्यावर तीस वर्षांनीही काही प्रमाणात टिकलेला.

गर्भाशयाच्या अस्तराचं वेगळं. इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन त्याला आवर घालतं. गरोदरपणात नऊ महिने प्रोजेस्टेरॉनचंच राज्य असतं. ज्यांच्यात अंडं नियमित सुटत नाही, पाळी दोन-दोन, चार-चार महिने येत नाही, वजन जास्त आहे, त्यांच्यात इस्ट्रोजेनला आवर घालणारं कोणी नसतं. खरा धोका तिथे आहे. म्हणजे मूल नाही म्हणून कॅन्सर, असं सरळ नसून पुष्कळदा ज्या कारणाने मूल राहिलं नाही, त्याच कारणाने कॅन्सर.

स्तनाचं असं की पहिल्या पूर्ण गरोदरपणात दूधग्रंथींच्या पेशी पक्क्या होतात आणि नंतर सहज बिघडत नाहीत, असं मानतात. २००२ च्या मोठ्या विश्लेषणात दर बाळंतपणामागे सात टक्के आणि दर वर्षभर अंगावर पाजण्यामागे चार टक्क्यांहून थोडा जास्त धोका कमी झालेला दिसला.

राहता राहिला निसर्ग. आफ्रिकेत मालीमधल्या डोगोन बायकांना आयुष्यात शंभर-सव्वाशे पाळ्या येतात, शहरातल्या आजच्या बाईला साधारण चारशे. उशिरा पाळी, मग एकामागून एक गरोदरपण आणि पाजणं. आता बारा-तेराव्या वर्षीच पाळी सुरू होते. त्यामुळे दोन मुलं असलेली आजची बाईसुद्धा काकांच्या आजीपेक्षा सांजवेळच्याच जास्त जवळ आहे.

मिरचीठेचा

शेवटचं वाक्य फ्रेम करून भिंतीवर लावा कोणीतरी.

निसर्गमित्र_काका

डॉक्टर, माहिती चांगली आहे, मानलं. पण तुम्हीच म्हणताय की गरोदरपणाने फायदा होतो.

सोलापुरी_चटणी

काका, फायद्याची दुसरी बाजू मी सांगते. माझ्या सासूबाईंना सात मुलं. पन्नाशीपासून अंग बाहेर यायचं. खोकलं की लघवी. देवळात बसायचं तर मागच्या रांगेत, दाराजवळ. लग्नकार्याला गेल्या तर आधी मोरी कुठे ते बघायच्या. वीस वर्षं कोणाला बोलल्या नाहीत, मुलींनाही नाही. पासष्टीला ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं काय केलंत?" काय करणार? तशीच शेतात खुरपायला जायच्या.

मला स्वतःला दुसऱ्या वेळी गरोदरपणातली शुगर निघाली. आता पन्नाशीच्या आत डायबेटिस.

डॉ_धोपटमार्गी

अगदी बरोबर. गरोदरपणात शुगर झालेल्या बायकांना पुढे डायबेटिसचा धोका कितीतरी पट असतो, आणि गरोदरपणात बीपी वाढलेल्यांना पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा. यातलं काहीच सांजवेळच्या वाट्याला येत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचंही तसंच: विषाणू असलेल्या बायकांची तुलना केली तेव्हा सात किंवा जास्त बाळंतपणं झालेल्यांना धोका एकही न झालेल्यांच्या जवळजवळ चौपट होता. मृत्यूच्या धोक्याचा आलेख काढला तर तो वाडग्यासारखा निघतो, मूल अजिबात नाही आणि खूप मुलं, दोन्ही कडा थोड्या वर. आणि 'मूल नाही' या कडेवर मुळातच आजारी असलेल्या, म्हणून दिवस न राहिलेल्या बायकाही मोजलेल्या असतात.

रानजाई

मी याच कडेवरची. पीसीओएस (हार्मोन बिघडून अंडं नियमित न सुटणं), आठ वर्षं उपचार, दोनदा आयव्हीएफ, मग आम्ही दोघांनी थांबायचं ठरवलं. धागा वाचताना पहिल्यांदाच लक्षात आलं की उपचार थांबवले त्या दिवशी मी डॉक्टरकडे जाणंही थांबवलं. पाळी तीन-तीन महिने येत नाही. बरंच झालं, कटकट नाही, असं म्हणत होते. डॉक्टर, हे चालतं का? आणि आयव्हीएफच्या इंजेक्शनांनी कॅन्सर होतो म्हणतात ते?

डॉ_धोपटमार्गी

नाही चालत, रानजाई. मूल हवं म्हणून पाळी आणायची, एवढाच तिचा उपयोग नाही. तीन महिन्यांहून जास्त पाळी लांबली तर अस्तराची जाडी बघून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन ते पाडावं लागतं. किंवा मिरेना बसवतात, गर्भाशयात बसवायचं, आतल्या आत थोडं थोडं प्रोजेस्टेरॉन सोडणारं साधन. या महिन्यात जाऊन या. आयव्हीएफच्या औषधांनी स्तनाचा कॅन्सर वाढल्याचं मोठ्या, लांब पल्ल्याच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. त्याची चिंता सोडा.

अबोली_७१

गर्भपात किंवा मिसकॅरेजमुळे स्तनाचा कॅन्सर होतो असा एक फॉरवर्ड फिरतो, तेही सांगून टाका.

डॉ_धोपटमार्गी

नाही होत. सोळा देशांतल्या ५३ अभ्यासांची माहिती २००४ मध्ये एकत्र तपासली गेली. संबंध नाही. फॉरवर्ड पाठवणाऱ्याला हे पाठवा.

पाचगार्डन

मी दादरला पारशी कॉलनीच्या शेजारी वाढले. इमारतीत निम्म्या पारशी मावश्या अविवाहित, एकेक खोलीत पियानो, कुत्रा आणि कपाटभर पुस्तकं. मुंबईची कॅन्सर रजिस्ट्री १९६३ साली सुरू झाली, देशातली अशी पहिली. तिच्या सुरुवातीच्या आकड्यांतच दिसलं होतं की पारशी बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर शहरातल्या इतर समाजांपेक्षा जास्त आणि गर्भाशयमुखाचा कमी. उशिरा लग्न किंवा लग्नच नाही, मुलं कमी, ही कारणं सांगितली गेली. आपापसांत लग्न करणारा लहान समाज, त्यामुळे जनुकांचीही शक्यता. म्हणजे मडगांवकारांच्या व्हेरोनाची गोष्ट आपल्याच शहरात पुन्हा घडलेली.

अवांतर: त्या मावश्यांपैकी बऱ्याच नव्वदीपर्यंत जगल्या आणि शेवटपर्यंत मला इंग्रजी उच्चारांवरून बोलत राहिल्या.

शमा_कोल्हापूर

मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा अजून आलाच नाही.

आपल्याकडे बाई गायनॅककडे कधी जाते? दिवस राहिले की. रक्तगट, थायरॉइड, शुगर, बीपी, हिमोग्लोबिन, सोनोग्राफी हे सगळं तेव्हाच पहिल्यांदा होतं. ज्या कधी गरोदर राहिल्याच नाहीत त्यांना त्या दारातून आत जायचं निमित्तच मिळत नाही. माझी मोठी बहीण अविवाहित, बँकेत ऑफिसर. ५१ व्या वर्षी पाळी गेली. दोन वर्षांनी थोडं रक्त दिसलं. कोणाला सांगायचं? 'या वयात, लग्न नाही, लोक काय समजतील' म्हणून वर्षभर गप्प. मग मीच ओढून नेलं. बाहेर बाकावर सगळ्या पोटुशी आणि त्यांच्या सासवा. ताई साडीचा पदर खांद्यावर घेऊन कोपऱ्यात बसली, जणू चुकून आलीय. केसपेपर भरणारी मुलगी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "मिस्टरांचं नाव?" नाही म्हटल्यावर, "मग वडलांचं?" मग "मुलं किती?" तेही सगळ्यांसमोर.

आत गेल्यावर लग्न नाही म्हणून आतली तपासणीच नको, पोटावरून सोनोग्राफी करू, असं ठरलं. त्यात अस्तर नीट दिसलंच नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी भूल देऊन तुकडा काढला तेव्हा निदान झालं, अस्तराचा कॅन्सर, पहिली पायरी. गर्भाशय काढलं, आज ठणठणीत आहे. पण ते वर्ष फुकट गेलं ते हार्मोनमुळे नव्हे.

सांजवेळ

शमा, वाचून अंगावर आलं. ताईंना नमस्कार सांग.

मिरचीठेचा

+१००. मलाही २९ व्या वर्षी पाळीच्या त्रासासाठी गेले तर "लग्नानंतर सगळं नीट होईल" असं औषध मिळालं होतं. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं) निघालं सहा वर्षांनी.

कल्याणी_जर्सी

इथे जर्सीत विचारतात 'लैंगिक संबंध आहेत का', लग्नाचं नाही. सरळ, खासगीत. आपल्याकडे 'मॅरीड का?' वरूनच सगळं ठरवतात. अविवाहित म्हणजे संबंध नाहीत, मग एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा विषाणू) तपासणी नको. आणि विवाहित असली की 'गुड न्यूज कधी?'

डॉ_धोपटमार्गी

मान्य. आमच्याकडे मी आता आईला किंवा बहिणीला बाहेर बसवून एकटीला विचारतो. उत्तरं बदलतात.

आणि शमाताईंनी लिहिलंय ते प्रत्येकीने लक्षात ठेवा: पाळी गेल्यानंतर एक थेंब रक्त दिसलं तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. अविवाहित असाल, कधी संबंध आले नसतील, तरी तपासणीचे मार्ग आहेत: भूल देऊन तपासता येतं, एमआरआय आहे. 'लग्न नाही म्हणून करता येत नाही' हे उत्तर घेऊन घरी जाऊ नका.

गर्भाशयमुखाचं: ज्यांचे कधीही संबंध आलेत, एकदा का असेना, त्यांनी तिशीनंतर एचपीव्ही चाचणी करावी. याचा जगातला एक उत्तम पुरावा आपल्याच धाराशिव जिल्ह्यातला आहे, तेव्हाचं उस्मानाबाद. मुंबईचं टाटा कॅन्सर हॉस्पिटल आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी गावोगाव जाऊन ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांना अभ्यासात घेतलं. २००९ ला निकाल आला. एचपीव्हीची एकच चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे.

बारामतीकर

डॉक्टर, बायकोला ऑफिसातून महिला दिनाचं हेल्थ पॅकेज मिळालंय. त्यात ओव्हरीच्या कॅन्सरसाठी सीए-१२५ ही रक्ताची चाचणी आहे. मूल नाही आम्हाला, मग करून घ्यावी ना?

डॉ_धोपटमार्गी

काही त्रास नाही, घरात कोणाला नाही, तर नको. ब्रिटनमध्ये दोन लाख बायकांवर हे वर्षानुवर्षं करून बघितलं, सीए-१२५ आणि सोनोग्राफी दोन्ही. २०२१ ला निकाल लागला: मृत्यू कमी झाले नाहीत. फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस, साधी पाळी, कशानेही तो आकडा वाढतो आणि मग पोट उघडण्यापर्यंत मजल जाते. त्यापेक्षा पोट सतत फुगलेलं वाटणं, दोन घासांत पोट भरणं, वारंवार लघवी, ओटीपोटात दुखणं, हे नव्याने सुरू होऊन दोन-तीन आठवडे टिकलं, तर ॲसिडिटीच्या गोळ्या खात बसू नका.

टवाळ_कार्टं

म्हणजे पॅकेजमधलं मोफत पुष्पगुच्छ तेवढं घ्यायचं. (आता परत गप्प.)

निसर्गमित्र_काका

शमाताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालेलं नाही, साठी ओलांडली आहे, भावाकडे असते. तिची अशी कुठलीच तपासणी कधी झालेली नाही. आमच्या डोक्यातच आलं नाही. निसर्गावरचं माझं मत कायम आहे. साठीनंतर काय काय करावं लागतं?

शमा_कोल्हापूर

काका, आधी तिला एकटीला विचारा काही होतंय का. म्हणजे तुम्ही नका, वहिनींना विचारू दे.

डॉ_धोपटमार्गी

हो, आणि स्तनांची डॉक्टरकडून तपासणी. टाटाने मुंबईतल्या दीड लाख बायकांवर वीस वर्षं हे केलं. नुसत्या प्रशिक्षित हातांनी, दर दोन वर्षांनी. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्के कमी झाले. मशीन नसलं तरी चालतं. सोबत बीपी, शुगर. या वयात बायका हृदयविकाराने जास्त जातात, हे कॅन्सरच्या चर्चेत विसरायला होतं.

सांजवेळ

सगळ्यांचे आभार. हिमोग्लोबिन ८.४ निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू. दुसऱ्या गायनॅककडे गेले, त्यांनी फायब्रॉइड आतल्या पोकळीत घुसलेले नाहीत म्हणून मिरेना सुचवलंय. रक्तस्राव कमी होईल आणि डॉक्टर म्हणतात तसं अस्तरालाही आवर. विचार करतेय. एचपीव्हीचा नमुना दिला.

आणि मूळ प्रश्नाचं मला समजलेलं असं: तीन कॅन्सरचा धोका थोडा जास्त, तोही एका लहान आकड्यावर; बदल्यात बऱ्याच इतर गोष्टींतून सुटका. मॅमोग्राफीची वेळ घेतेय, पहिलीच आहे. फार दुखतं का?

अबोली_७१

दाबतात चांगलंच, पण काही सेकंद.

डॉ_धोपटमार्गी

पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातली वेळ घ्या, तेव्हा स्तन कमी दुखरे असतात. त्या दिवशी काखेत डिओ किंवा पावडर नको, फिल्मवर ठिपके दिसतात आणि उगाच घोळ होतो. सलवार-कुडता किंवा शर्ट-पॅण्ट घाला, वरचंच काढावं लागतं. आणि फिल्म जपून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला लागते. फॉर्मवर 'मुलं किती'च्या रकान्यात शून्य लिहा, मोकळा सोडू नका. रिपोर्ट लिहिणाऱ्याला ते उपयोगी पडतं.